गुडघा आधी कोणाला दाखवायचा?

विचारलेलं थोडक्यात असं: आई ६८ वर्षांची. दांडिया बाजारात जुन्या घरात दुसरा मजला, लिफ्ट नाही. दीड वर्षापासून दोन्ही गुडघे दुखतात. फॅमिली डॉक्टर गोळी देतात, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. शेजारी म्हणतात थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा, भाऊ म्हणतो आधी एमआरआय काढ, मामी म्हणतात दहा दिवस शेक घेऊन बघा. फिजिओथेरपी तर ऑपरेशननंतर करायची असते ना? ती आधी करून काही फायदा आहे का, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय जाता येतं का?

फायदा आहे, आणि आधी केली तरच जास्त आहे. चिठ्ठीशिवाय गेलात तर कोणी अडवत नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीला आरोग्यसेवेतला स्वतंत्र व्यवसाय म्हणून धरलंही आहे. तरी फॅमिली डॉक्टरांना सांगून जा, कारण आईंचं बीपी, साखर, किडनी आणि कोणती गोळी किती महिने चालू आहे हे त्यांनाच माहीत असतं.

मी फिजिओथेरपीचं काम २६ वर्षं बडोद्यात करते. पहिली १४ वर्षं आधी नोकरीत, मग स्वतःच्या क्लिनिकात, आणि त्यानंतर आठवड्यातल्या तीन सकाळी एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, कंपाउंडरच्या खिडकीमागच्या खोलीत. तिथे पूर्वी सलाइनची खोकी ठेवायचे. आता एक कॉट, एक बिनहाताची खुर्ची आणि एक पायरीचं स्टूल आहे. मशीन एकही नाही. पुढे जे लिहिते आहे ते बरंचसं त्या खोलीत बसून शिकलेलं आहे.

फिजिओ म्हणजे ऑपरेशननंतर, ही समजूत लोकांनी हवेतून काढलेली नाही. आपल्याकडे हा व्यवसाय वॉर्डातच जन्मला. मुंबईत पोलिओची साथ आली आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएम रुग्णालयात त्याचं शिक्षण सुरू झालं. लुळे पडलेले पाय, कॅलिपर, प्लॅस्टर निघाल्यावरचे कडक झालेले सांधे, पुढे लकवा. सगळं ‘झाल्यानंतरचं’. पोलिओ गेला, २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला, पण आमची जागा मात्र रांगेच्या टोकालाच राहिली. गंमत म्हणजे १९७८ च्या जागतिक परिषदेच्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवा म्हणजे काय ते लिहिताना आरोग्य वाढवणं, आजार टाळणं आणि बरं करणं यांच्या पंक्तीला पुनर्वसनही बसवलेलं आहे. पहिल्या तिघांना गावोगावी दार मिळालं. चौथ्यासाठी अजूनही शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जावं लागतं.

आणि बडोद्याला तर व्यायामाने उपचार हे अनोळखी असायचं कारणच नव्हतं. जुम्मादादा व्यायाम मंदिर हा आखाडा आणि तो चालवणारे प्रो. माणिकराव आपल्याच गावचे. १९०७ ते १९१० त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या स्वामी कुवलयानंदांनी पुढे १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. माझे आजोबा पाय मुरगळला की डॉक्टरकडे नव्हे, आखाड्यात जायचे. तिथे तेल लावून, चोळून, वर चार बैठका सांगून पाठवत. त्या चार बैठका हा उपचाराचा खरा भाग होता असं मला आता वाटतं. चोळणं चालू राहिलं, बैठका गेल्या. (पडलेल्या म्हातारीला किंवा मान धरलेल्याला मात्र कुठल्याही ‘हाड बसवणाऱ्या’कडे नेऊ नका. मानेला दिलेला एक झटका महागात पडतो.)

आता पहिल्या दारात बसलेली फिजिओ नेमकं करते काय? पहिलं काम निवडण्याचं. आपली दुखणी कोणती, आणि आपली नाहीत ती कोणती. हे मी चूक करून शिकले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एका दवाखान्यात, पस्तिशीचा एक माणूस कंबरदुखीसाठी यायचा. मी त्याला तीन आठवडे शेक दिला, करंट दिला, वजन लावलं. तो रोज शांतपणे येऊन झोपायचा. संध्याकाळी अंग गरम होतं का, वजन कमी झालंय का, रात्री झोपेतून दुखून उठतोस का, यातलं एकही मी विचारलं नव्हतं. मणक्याचा टीबी निघाला. औषधांनी तो बरा झाला, माझ्यामुळे नव्हे. तेव्हापासून माझा कागद या प्रश्नांनी सुरू होतो: ताप, घटलेलं वजन, आधी कधी कॅन्सर, पडणं-झडणं, स्टेरॉइडच्या गोळ्या, विश्रांतीतही न थांबणारं रात्रीचं दुखणं. आणि एक प्रश्न लाज सोडून विचारायचाच: लघवी अडते का, कळत नाही का, बसायच्या जागी बधिर वाटतं का? याला ‘हो’ आलं तर तो माणूस माझ्याकडे एक मिनिटही थांबत नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जातो. तिथे तासांचा हिशेब असतो.

असे फार थोडे. उरलेले बहुतेक जण ज्या दुखण्याने येतात ते फॅमिली डॉक्टरांच्या पाच मिनिटांत मावत नाही, आणि सर्जनकडे न्यावं एवढं ते नसतंही. बाहेर चाळीस पेशंट बसलेले असताना डॉक्टर गोळीच लिहिणार, यात त्यांचा दोष नाही. माझ्याकडे अर्धा-पाऊण तास असतो.

कंबर घ्या. मकरपुरा जीआयडीसीतला लेथवरचा कामगार येतो, ‘बेन, कमर झलाई गई छे’ (कंबर धरली आहे) म्हणत, हातात एमआरआय. रिपोर्टवर लिहिलेलं असतं ‘डिस्क बल्ज’ (दोन मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली), आणि घरी त्याचं भाषांतर झालेलं असतं ‘मणको खसी गयो’. मराठी घरांत ‘गादी सरकली’ किंवा ‘गॅप आला’. त्या दिवसापासून तो वाकत नाही, मुलाला उचलत नाही, मोटरसायकलवर बसत नाही. २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला, तीन हजारांवर अशा लोकांच्या तपासण्यांचा ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती. विशीतल्या ३० टक्के लोकांत डिस्क बल्ज दिसली, पन्नाशीत ६० टक्क्यांत, ऐंशीत ८४ टक्क्यांत. म्हणजे पन्नाशीच्या माणसाचा एमआरआय काढला तर काहीतरी सापडायचंच, केस पांढरे सापडावेत तसं. तो फोटो खोटा नसतो. पण दुखणं त्यामुळेच आहे, असं मात्र तो सांगत नाही. म्हणून मी आधी त्याला टाचांवर चालायला लावते, मग चवड्यांवर, पायाच्या अंगठ्याचा जोर बघते, गुडघ्यावर-घोट्यावर हातोडी मारून पाय झटका देतो का ते बघते, पाय सरळ उचलून कुठपर्यंत कळ येते ते बघते. नस खरंच दबली असेल तर ती इथे बोलते. पायातला जोर दिवसागणिक कमी होत असेल तर एमआरआय आणि सर्जन, दोन्ही लगेच. नसेल तर चालायला लावते.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याही खास प्राथमिक आणि वस्तीपातळीवरच्या दवाखान्यांसाठी. त्यात समजावून सांगणं आणि व्यायाम यांची शिफारस आहे. आणि नेहमीच्या उपचारात देऊ नका म्हणून ज्या गोष्टी सांगितल्या आहेत त्यात कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन (कमरेला वजन लावून ताण देणं), अल्ट्रासाऊंडचा शेक आणि टेन्स (करंटचं मशीन) आहेत. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं, कारण क्लिनिक काढताना नेमकी हीच मशीनं मी बँकेचं कर्ज काढून घेतली होती. हप्ते फिटेपर्यंत प्रत्येक कमरेला वजन लागत होतं. पेशंट खूश असायचे. दहा दिवस दुपारी पंख्याखाली कोणी काळजीने झोपवलं तर कोणालाही बरं वाटेल. शेक घरी पिशवीने घ्या, छान वाटतं, त्याला माझी ना नाही. पण त्याला उपचार समजून दोन महिने घालवू नका.

खांद्याचं एक सांगते, कारण एका छपराखाली बसण्याचा फायदा तिथे दिसतो. पन्नाशीच्या आसपास हात पाठीमागे जाईनासा होतो, पदर खोचता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. खांदा आखडला. मधुमेह असलेल्यांत हे बरंच जास्त दिसतं. अशी बाई माझ्या खोलीत आली की मी तिला पलीकडे डॉक्टरांकडे पाठवते, बोटातून रक्त काढून साखर बघायला. दोनदा असं झालं की मधुमेहाचा शोध खांद्यावरून लागला.

आणि चक्कर. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण याइतकी वाया गेलेली औषधं मी दुसऱ्या कशात पाहिली नाहीत. नवापुऱ्यातल्या एक काकू आठ महिने गळ्यात कॉलर घालून वावरत होत्या. ‘मानेच्या मणक्याची चक्कर’ असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मी विचारलं, केव्हा येते? म्हणाल्या, पहाटे कूस बदलताना, आणि फडताळातला वरचा डबा काढायला मान वर केली की. घर गरकन फिरतं, अर्ध्या मिनिटात थांबतं. हे ऐकलं की निम्मं निदान झालं. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरले की डोकं हलवताच मेंदूला खोटा निरोप जातो. कॉटवर बसवून, मान एका बाजूला वळवून झटकन आडवं केलं की डोळ्यांची बुबुळं ठरावीक तऱ्हेने थरथरतात. ते दिसलं की कण कुठल्या कानात आहेत ते कळतं. मग डोकं टप्प्याटप्प्याने फिरवून ते कण परत जागेवर सोडायचे. एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी बसवलेली ही युक्ती आहे, दहा मिनिटांची. काकूंची चक्कर दोन खेपांत गेली. कॉलर काढायला मात्र त्या महिनाभर तयार नव्हत्या. चकरेबरोबर बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एक बाजू लुळी पडली किंवा एकाएकी चालताच येईना झालं तर हा प्रकार नाही. तेव्हा १०८ ला फोन करायचा.

दर वर्षी १६ जानेवारीला माझ्या खोलीबाहेर अशांची रांग असते. उत्तरायण आणि वासी उत्तरायण, दोन दिवस गच्चीवर मान वर करून पतंग, मग काहींची मान धरते, काहींचं घर फिरतं. नवरात्रानंतरही तसंच. नऊ रात्री अनवाणी गरबा, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टाच टेकवत नाही. मी सगळ्या मुलींना सांगून थकले की श्रावणात या. एका पायावर उभं राहून टाच २०-२५ वेळा वर उचलता येते का ते बघा. येत नसेल तर पोटरी अजून नऊ रात्रींसाठी तयार नाही, आणि तयार करायला दोन महिने लागतात. येतात दोघी-तिघी. बाकीच्या दसऱ्यानंतरच.

ज्याबद्दल कोणी बोलत नाही तेही इथेच कळतं. खोकताना, शिंकताना, हसताना लघवीचा थेंब जातो. बायका यासाठी कुठेच जात नाहीत. लग्नाला गेल्या की आधी बाथरूम कुठे ते बघून ठेवतात, पाणी कमी पितात, गरबा सोडतात. गुडघ्याच्या निमित्ताने माझ्याकडे येतात आणि चौथ्या खेपेला, चप्पल घालताना, दाराकडे बघत विचारतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम १९४८ मध्ये केगल या अमेरिकन डॉक्टरांनी मांडला, आजही पहिला उपचार तोच आहे, आणि तीन महिने नीट केला तर बहुतेकींना फरक पडतो. नीट म्हणजे पोटातला वारा अडवताना आतून वर ओढतो तसं, श्वास न कोंडता. अर्ध्याजणी वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात, म्हणून एकदा शिकून घेणं बरं. फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात आलेल्या बाईला ‘का आली होतीस’ असं घरी कोणी विचारत नाही. वेगळी पाटी लावलेल्या क्लिनिकात ही सोय नसते.

बाहेर याची व्यवस्था झालेली आहे. ऑस्ट्रेलियात १९७६ पासून चिठ्ठीशिवाय फिजिओकडे जाता येतं. इंग्लंडमध्ये २०२० पासून सरकारी पैशातून जीपींच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, दवाखान्यातच फिजिओ बसवले जाऊ लागले. कंबर, गुडघा, खांदा म्हटलं की रिसेप्शनवरूनच तिकडे. आपल्याकडे आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि उपकेंद्रांत, ज्या १२ सेवा द्यायच्या ठरल्या आहेत त्यात वृद्धांची काळजी आहे, पण उपकेंद्रावर फिजिओ नाही. पादरा-डभोईकडच्या शिबिरांत मी जाते तेव्हा निंदणी करणाऱ्या बायका येतात. त्यांना ‘वाकू नका, तीन आठवडे आराम करा’ सांगणं म्हणजे तीन आठवड्यांची मजुरी सोडा असं सांगणं. त्यांना मी वाकायचं कसं, मधे उठायचं केव्हा, आणि रात्री पाठीवर पडून काय करायचं ते सांगते. दहा मिनिटांत सांगून होतं. ते सांगायला महिन्यातून एकदा शहरातून कोणी यावं लागतं, हे काही बरोबर नाही.

आता तुमच्या आई. या वयाला दोन्ही गुडघे, चढउताराला जास्त, बसून उठताना आखडल्यासारखे, सकाळचा कडकपणा अर्ध्या तासाच्या आत जाणारा असेल तर बहुधा झीज आहे. त्याला एमआरआयची गरज नाही. लागलाच तर उभं राहून काढलेला साधा एक्स-रे पुरतो. गुडघा लाल, गरम, एकदम सुजलेला असेल, ताप असेल, मधेच अडकत असेल किंवा पडल्यानंतर सुरू झालं असेल तर मात्र आधी डॉक्टर.

घरी एक गोष्ट बघा. बिनहाताच्या खुर्चीवरून, हात छातीशी घडी घालून, पाच वेळा उभं राहायला आणि बसायला त्यांना किती सेकंद लागतात? पंधराच्या पुढे गेलं तर मांड्यांचा जोर कमी झालाय, आणि गुडघ्यापेक्षा मला पडण्याची भीती जास्त वाटेल. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या ओटागो व्यायामक्रमाने, घरीच करायच्या जोराच्या आणि तोलाच्या व्यायामांनी, म्हाताऱ्या माणसांचं पडणं सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालं. अशी गोळी निघाली असती तर पेढे वाटले असते.

हीच चाचणी त्यांचा व्यायामही आहे. खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, आठ-दहा वेळा उठबस, दिवसातून दोनदा. सोपं वाटलं की उशी काढा. स्वयंपाकघरात ओट्याला धरून टाचा वर, ओट्याला धरूनच एका पायावर उभं राहणं. झोपाळा असेल तर त्यावर बसून पायाने हलका रेटा देत बसणं चांगलं. आपल्या घरांतला तो सर्वांत जुना गुडघ्याचा व्यायाम आहे. उठताना मात्र कोणीतरी तो धरून ठेवा. दुखणं दहात तीन-चारपर्यंत गेलं आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत झालं तर चालेल. रात्रभर ठणकलं तर निम्मं करा, बंद करू नका. ‘झिजलंय म्हणून वापरू नका’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकून घ्या आणि विसरून जा. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, म्हणून दोन-तीन किलोही कमी समजू नका. जिना टाळता येणार नाही, तर चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी, कठड्याला धरून. जमिनीवर मांडी घालून पूजा चालू ठेवायची असेल तर पाट उंच घ्या.

आठवडाभरात फरक दिसणार नाही. सहा आठवड्यांनी जिना बदललेला जाणवेल, बारा आठवड्यांनी गोळीचा हिशेब करा. एवढं मन लावून करूनही रात्रीची झोप मोडत असेल, पाय वाकडा होत चालला असेल, घराबाहेर पडणं बंद झालं असेल, तर सांधा बदलण्याचा सल्ला घ्यायला सर्जनकडे जरूर जा. तेव्हाही हा व्यायाम फुकट जात नाही. मांड्या बळकट करून ऑपरेशनला गेलेले पेशंट लवकर चालायला लागलेले मी पाहिले आहेत.

फिजिओ निवडताना एवढं बघा: पहिल्या दिवशी तिने आईंना चालवून, उठवून-बसवून, हात लावून तपासलं का? न तपासता मशीन लावलं, दहा दिवसांचे पैसे आधी घेतले आणि घरी करायला काहीच दिलं नाही, तर उठून या. चांगली फिजिओ पंधरा दिवसांत चार-पाचदा बोलावते, मग महिन्यातून एकदा, आणि मग नको म्हणते.

नेताना जुने एक्स-रे, चालू गोळ्यांची पाकिटं आणि आईंच्या रोजच्या वापरातल्या चपला बरोबर घ्या. नव्या नकोत, त्याच झिजलेल्या. कुठल्या बाजूने झिजल्यात ते बघायचं असतं.